साडेपाचची ओळ

माझ्या दिराला आमच्या घरात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे ‘इंजिनिअर’ म्हणतात. सासूबाई होत्या तोवर ‘आमचा इंजिनिअर’ म्हणायच्या, जसा काही दुसरा मुलगा रस्त्यावर सापडला होता. दुसरा मुलगा म्हणजे माझा नवरा. तो चष्म्याच्या काचा घासतो आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात. इंजिनिअर जेवायला येणार असला की आमच्याकडे कपाटातल्या चांगल्या प्लेटा बाहेर निघतात, आणि तो बोलायला लागला की चमच्यांचे आवाजसुद्धा थांबतात. मला या माणसाची किळस येते. आधी येत नव्हती, आधी नुसता कंटाळा यायचा. किळस या वर्षी आली, आणि ती कशी आली तेच सांगायचंय.

मी एका पार्सल कंपनीत डेटाबेस सांभाळते. कुठलं खोकं कुठून निघालं, कुठं पोचलं, कुणी सही करून घेतलं, हे ज्या टेबलांमध्ये साठतं त्यांची झाडलोट आणि राखण माझ्याकडे. इंजिनिअरची मात्र स्वतःची कंपनी आहे, म्हणजे तो, एक फिरती खुर्ची आणि एक लॅपटॉप. गेल्या वर्षी त्याला शहराच्या कोंडवाड्याचं काम मिळालं. हरवलेली, भटकी कुत्री गाडीतून धरून नेऊन पिंजऱ्यात ठेवतात, ती जागा. बोर्डावर ‘प्राणी निवारा केंद्र’ असं लिहिलंय, पण सगळे कोंडवाडाच म्हणतात. तिथला नियम असा की धरलेल्या कुत्र्याचा फोटो वेबसाइटवर लावायचा आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत मालकाची वाट बघायची. मालकानं दावा केला तर कुत्रं राखीव. नाही केला तर मुदतीनंतरच्या सकाळी डॉक्टर येऊन मरणाची सुई देतो.

हा सगळा कारभार इंजिनिअरनं दोन ओळींत बसवला. दोन ओळी म्हणजे खरोखरच दोन ओळी. संगणकाच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे स्वतःचं एक वेळापत्रक असतं. त्यात लिहून ठेवायचं, अमुक वाजता अमुक काम सुरू कर. मग समोर कुणी बसायला नको, बटण दाबायला नको. घड्याळात तेवढे वाजले की काम मागच्या मागे सुरू होतं. सुरू होतं, एवढंच. आधीचं काम संपलं, अडकलं की आडवं पडलं, हे त्या वेळापत्रकाला कुणी सांगत नाही आणि ते विचारतही नाही. इंजिनिअरची पहिली ओळ पहाटे पाचची होती. डेटाबेसमध्ये आलेले सगळे दावे तपासायचे, फोटो आणि पट्ट्याची खूण जुळवायची, आणि सगळे तपासून झाले की शेवटी एकदम ती कुत्री राखीव करून मालकांना मेसेज पाठवायचे. दुसरी ओळ साडेपाचची. जी कुत्री राखीव नाहीत आणि ज्यांची मुदत संपली, त्यांची यादी छापायची.

काम मिळालं त्या आनंदात तो आमच्याकडे जेवायला आला होता, तेव्हा हे सगळं त्यानं आम्हाला समजावून सांगितलं. मी न राहवून विचारलं, “भाऊजी, पाचचं काम साडेपाचपर्यंत संपलं नाही तर?”

“वहिनी, ते चुटकीसरशी संपतं. अर्धा तास म्हणजे चैन आहे.”

“आज संपतंय. उद्या दावे वाढले, फोटो वाढले, तर? दुसरं काम घड्याळाला बांधू नका, पहिल्याच्या शेपटीला बांधा. पहिलं नीट संपलं तरच दुसरं सुरू. दोन चिन्हं टाकायची आहेत फक्त.”

तो हसला. हसताना तो आधी सगळ्यांकडे बघतो, कोणकोण हसतंय ते. “वहिनींना पार्सलांची सवय आहे. एक खोकं उशिरा पोचलं की लोक आरडाओरडा करतात, म्हणून यांना सगळीकडे भुतं दिसतात.” मग सगळेच हसले. नवराही हसला, पण हळू. “आणि वहिनी, चालतंय ना? चालत्या गोष्टीला हात लावायचा नसतो.”

हे वाक्य मी ऑफिसातही ऐकते. हे म्हणणारी माणसं मला दुरून ओळखू येतात. त्यांच्या शर्टाला नेहमी चांगली इस्त्री असते.

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे माझे सासरे. त्यांनी आयुष्यभर तलावावर मुलांना पोहायला शिकवलं. गळ्यात शिट्टी आणि तोंडात दरडावणी. अजूनही ते फोनवर बोलतात ते समोरचा माणूस तलावाच्या दुसऱ्या टोकाला असल्यासारखं. सासूबाई गेल्यावर तो आवाज खाली आला होता. मग तलावाच्या मागं टॉवेल वाळत घालतात तिथं त्यांना एक पिल्लू सापडलं, ओल्या टॉवेलांच्या ढिगात मुटकुळं करून झोपलेलं. ते तसंच उचलून त्यांनी घरी आणलं आणि त्याचं नाव गाठोडं ठेवलं. शिट्टीच्या जुन्या दोऱ्यांची वेणी घालून त्याला पट्टा केला. निळा, लाल, निळा. गाठोड्यावर दिवसभर ओरडायला मिळायला लागलं आणि बाबांचा आवाज परत वर गेला. मला शेजाऱ्यांची काळजी वाटायची, पण बरंही वाटायचं.

खिडक्यांचे गज रंगवायला आलेल्या रंगाऱ्यानं फाटक उघडं टाकलं आणि गाठोडं गेलं.

आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. बाबा शिट्टी वाजवत हिंडले, इतकी की बाल्कन्यांतून लोक डोकावून बघायला लागले. नवऱ्यानं त्याच्या चष्म्याच्या दुकानाच्या काचेवर फोटो चिकटवला. मी कोंडवाड्याची वेबसाइट रोज बघत होते. तिथले फोटो म्हणजे एक शिक्षाच. पिंजऱ्याच्या गजांतून दिव्याचा झोत मारून काढलेले, त्यामुळे सगळ्या कुत्र्यांचे डोळे पांढरे आणि सगळी एकाच रंगाची. आमचं कुत्रं त्यात होतं आणि मला दिसलं नव्हतं. दिसलं ते बाबांना. संध्याकाळी माझ्या खांद्यावरून वाकून बघताना त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं. “हा कान बघ. आणि हा दोरा माझा आहे.”

मी लगेच दावा भरला. बाबांचं नाव, बाबांचा फोन, पट्ट्याची खूण, त्याचे घरचे फोटो. पाठवल्यावर पडद्यावर हिरव्या चौकटीत आलं, ‘आपला दावा मिळाला’. त्याच्या खाली, बारीक अक्षरांत, ‘मुदत : आज’.

इंजिनिअर त्या दिवशी आमच्याकडेच होता. बाहेरच्या खोलीत पाय टेबलावर टाकून मॅच बघत होता आणि चहात बिस्किट बुडवत होता. मी त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली. “झालं तर मग! सकाळी पाचला दावा तपासला जाईल, मेसेज येईल, जाऊन घेऊन यायचं.”

“भाऊजी, फोटो जुळवायचं नवीन यंत्र बसवलंत ना तुम्ही? घरच्या ग्रुपवर तुम्हीच लिहिलं होतंत. पाचचं काम आता किती वेळ घेतं?”

“घेत असेल थोडा जास्त.”

“साडेपाचच्या पुढे जातं का?”

“वहिनी, मी रोज मोजत बसत नाही. रोज सकाळी दोन्ही कामांचा ‘यशस्वी’ म्हणून रिपोर्ट येतो मला. एक दिवस चुकलेला नाही.”

“यशस्वी म्हणजे काम संपलं. पण कधी संपलं? दुसऱ्याच्या आधी की नंतर?” माझा आवाज चढला होता. “हे बघा, लॅपटॉप तुमच्या पायाशी आहे. उद्यापुरती ती साडेपाचची ओळ बंद करून ठेवा. नुसतं एक चिन्ह ओळीच्या आधी टाकायचं. परवा काढा.”

त्यानं बिस्किट तोंडात टाकलं. अर्धं कपात पडलं, ते बोटानं काढून खाल्लं. “चालू सिस्टिमला मी असा घरगुती कारणासाठी हात लावत नाही. उद्या कुणी म्हणेल, यानं बापाच्या कुत्र्यासाठी यादी थांबवली. माझं नाव आहे तिथं.”

तत्त्वाची गोष्ट होती म्हणे! ज्यानं वीजबिलवाल्याला ओळख सांगून रांग मोडली होती, त्याला माझ्या घरात, माझ्या कपात बोट बुडवून झाल्यावर, तत्त्व आठवलं. तळपायाची आग मस्तकात गेली. मी कोंडवाड्याला फोन लावला. तिथं गोड आवाजात एक यंत्र म्हणालं की कामकाजाची वेळ संपली आहे आणि आपला प्राणी सुरक्षित हातांत आहे. नवरा म्हणाला, “तो एवढं म्हणतोय तर… त्याचंच आहे ना ते.” मी त्याच्याकडे असं बघितलं की तो उठून नळ बंद करायला गेला. नळ बंदच होता.

सकाळी बाबा अंघोळ करून, शर्ट खोचून, दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर साखळी आणि हातात फोन. त्यांना आमच्याबरोबर यायचं होतं, पण इंजिनिअरनं सांगून ठेवलं होतं की मेसेज दाखवल्याशिवाय मालकाला आत सोडत नाहीत. बाबांनी आयुष्यभर पोरांना नियम शिकवले. ते नियम पाळत बसून राहिले. “तुम्ही पुढं व्हा,” ते म्हणाले. “मेसेज आला की मी पोचतोच. त्याला माझा आवाज ऐकू आला पाहिजे, नाहीतर घाबरेल ते.”

कोंडवाडा शहराच्या कडेला, टायरच्या गोदामाला लागून आहे. फाटक उघडलेलं होतं, पण दाव्यांची खिडकी अजून उघडायची होती. पहारेकऱ्याला मी दावा दाखवला, हिरवी चौकट दाखवली, हात जोडले. तो म्हणाला, “मॅडम, डॉक्टर आत आहेत. यादी आत गेलेली आहे. आता खिडकी उघडल्यावर या.” मी त्याच्या बाजूनं आत घुसले. नवरा मागून “माफ करा हं, माफ करा” म्हणत आला. आयुष्यात पहिल्यांदा तो माझ्यामागून असा कुठंतरी घुसला, म्हणून सांगितलं.

आत लांब बोळ होता. एका बाजूला पिंजरे, आणि पिंजऱ्यांतून एवढा कल्लोळ की कानाला तोंड लावून बोलावं. फिनेल, ओली लोकर आणि दुसरं काहीतरी गोड, असा मिळून एक वास होता. तो अजून माझ्या त्या दिवशीच्या साडीला येतो असं मला वाटतं. दोनदा धुतली, शेवटी टाकून दिली. टोकाच्या खोलीबाहेर रबरी बूट घातलेला एक माणूस पाण्याच्या पाइपनं फरशी धूत होता. काही सांडलेलं नव्हतं, रक्त नव्हतं, घाण नव्हती. स्वच्छ फरशी तो पुन्हा स्वच्छ करत होता. त्याच्या डोक्यावर भिंतीत खिळ्यांची रांग होती आणि खिळ्यांना पट्टे टांगलेले होते. चामड्याचे, नायलॉनचे, एक घुंगरू लावलेला. शेवटच्या खिळ्यावर निळा, लाल, निळा.

डॉक्टर बाहेर आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं होतं. मी पट्ट्याकडे बोट दाखवलं आणि फोनवरची हिरवी चौकट त्यांच्यापुढं धरली. त्यांनी ती वाचली, मग हातातला छापील कागद वाचला, मग परत चौकट.

“यादीत राखीवची खूण नव्हती,” त्या म्हणाल्या. “खूण असती तर मी हात लावला नसता. तुम्ही बघा, नाहीये.”

“नव्हतीच. ती खूण करणारं काम अजून चालू आहे. तुमची यादी त्याच्या आधी निघाली.”

त्यांना ते कळलं नाही, आणि कळावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. पण पाइपवाला म्हणाला, “कधीकधी मेसेज नंतर येतो.” अगदी सहज म्हणाला. बस कधीकधी उशिरा येते, तसं.

“कधीकधी म्हणजे?”

“म्हणजे लोक येतात मग खिडकीवर. मेसेज घेऊन. खिडकीवाले सांगतात त्यांना, रेकॉर्डमध्ये चूक झाली म्हणून.” त्यानं पाणी बंद केलं. “हल्ली जास्त येतात. फोटोचं नवीन आलं तेव्हापासून.”

माहीत होतं सगळ्यांना. पहारेकऱ्याला, पाइपवाल्याला, खिडकीवाल्याला. रोज कुणीतरी हातात साखळी घेऊन येत होतं आणि हे लोक त्याला एक ठरलेलं वाक्य देऊन परत पाठवत होते, आणि तिकडे इंजिनिअरला रोज सकाळी दोन वेळा ‘यशस्वी’ येत होतं.   माझ्या नवऱ्यानं, ज्याला मी मघापासून मनात शिव्या घालत होते, त्यानं खिळ्यावरून पट्टा काढून स्वतःच्या खिशात ठेवला.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाबा होते. एवढ्या कल्लोळातही त्यांचा आवाज फोन लांब धरून ऐकू येत होता.

“आला! मेसेज आला! मंजूर झालंय! ‘आपला प्राणी घेऊन जावा’ असं लिहिलंय. मी निघालो, बसमध्ये बसतोय. तुला दिसलं का ते? फोन त्याच्या कानाला लाव, मी बोलतो त्याच्याशी.”

मी फोन बंद केला. दुसरं काय करणार होते?

बाबा आम्हाला कोंडवाड्याच्या बसथांब्यावर भेटले, साखळी हाताला दोनदा गुंडाळलेली. नवऱ्यानं खिशातून पट्टा काढून दिला. बाबांनी तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “पण मंजूर झालं होतं.” परतीच्या बसमध्ये ते एवढंच बोलले, आणि हळू बोलले.

संध्याकाळी इंजिनिअर आला. मला वाटलं, बापाच्या पायाशी बसेल. तो लॅपटॉप उघडून बसला. “हे बघा, मी सगळं तपासलं. पाचचं काम, यशस्वी. साडेपाचचं काम, यशस्वी. तांत्रिकदृष्ट्या दोन्ही कामं नीट झाली.”

“कुत्रं मेलं, भाऊजी.”

“ते वाईटच झालं. पण सिस्टिममध्ये एरर नाही, एवढंच म्हणतोय मी. डॉक्टरनं जरा थांबायला हवं होतं.”

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. ओठांच्या कडेला बिस्किटाचा चुरा होता. आजही येताना खाऊन आला होता. माणसाच्या तोंडाकडे बघून असं अंगावर येतं हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. पाल अंगावर पडली तर झटकता तरी येते. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासली. ती आधीच घासलेली होती. मग मला तो पाइपवाला आठवला आणि मी थांबले.

मला दोनच ओळी माहीत होत्या. तिसरीही होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाबा फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. चेहरा असा काही झाला होता की मी गॅस बंद केला. “हे बघ. हे काय म्हणतायत?”

मेसेज होता. ‘नमस्कार! आपला लाडका प्राणी आपली वाट पाहत आहे. आपण त्याला अजून नेलेले नाही. प्राणी मिळाला का? होय किंवा नाही लिहून पाठवा.’

“वाट बघतंय म्हणतात,” बाबा म्हणाले. “म्हणजे ते दुसऱ्या कुणाचं असेल. पट्टा काढून दुसऱ्याला घातला असेल चुकून. कोंडवाड्यात काय, सगळा सावळागोंधळ. मी बूट घालतो.” आणि घालायला लागलेसुद्धा. एक बूट घालून झाला होता तेव्हा मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि त्यांना दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा नवऱ्यानं पट्टा दिला होता, मला काही बोलावं लागलं नव्हतं. या वेळी शब्द माझे होते. मंजूर झालेला पण न नेलेला दावा दिसला की रोज आठला आठवण पाठवायची, अशी ती तिसरी ओळ. तिला कुत्रं जिवंत आहे का हे बघायला कुणी सांगितलंच नव्हतं. असले किती मेसेज त्या शहरात आठच्या ठोक्याला जात असतील, आणि किती लोक एक बूट घालून बसत असतील!

बाबांनी बूट काढला. मग चष्मा लावला आणि एका बोटानं, अक्षर शोधत, उत्तर लिहिलं. नाही. तिकडून लगेच आलं, ‘धन्यवाद! उद्या पुन्हा आठवण करू.’

आणि केली. त्यानंतर रोज.

सुट्टीच्या दिवशी इंजिनिअर जेवायला आला. मी चांगल्या प्लेटा काढल्या नाहीत. त्याच्या ते लक्षात आलं नाही. हात धुताना मी त्याला त्या मेसेजबद्दल विचारलं होतं, तर टेबलावर बसल्यावर त्यानं मोठं औदार्य केल्यासारखं जाहीर केलं, “बाबा, उद्यापासून तुम्हाला तो मेसेज येणार नाही. तुमचा नंबर मी वगळून टाकलाय.”

बाबांनी मान वर केली. “आणि बाकीच्यांचे?”

“बाकीच्यांचे कसे वगळणार? ते सिस्टिमप्रमाणे.”

“आणि ती यादी? ती कधी निघते आता?”

“साडेपाचला.” तो माझ्याकडे बघेना. “एकदम बदल करता येत नाही, बाबा. मंजुरी लागते. परवा बैठक आहे, त्यात विषय मांडतो.”

चिन्हं दोन, आणि त्यांना बैठक! मी तोंड उघडलं, पण बाबांनी हात वर केला. तलावाच्या काठावर ते असाच हात वर करायचे आणि सगळी पोरं पाण्यात गप्प उभी राहायची.

“मी ‘नाही’ लिहून पाठवतो ते कोण वाचतं?”

“कुणी नाही. म्हणजे, सपोर्टच्या इनबॉक्समध्ये पडतं.”

“तो कुणाकडे आहे?”

“माझ्याकडेच आहे.” इंजिनिअरनं पाण्याचा घोट घेतला. “फोनवर येतं.”

“वाजतो फोन?”

“हो, वाजतो. बाबा, पण…”

“माझा नंबर परत घाल.”

“अहो कशाला? उगाच रोज सकाळी तुम्हाला त्रास.”

“परत घाल म्हटलं ना!” हे त्यांच्या जुन्या आवाजात होतं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली. नवऱ्यानं, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेल्या माझ्या नवऱ्यानं, उठून इंजिनिअरचा लॅपटॉप आणला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला. इंजिनिअरनं डाव्या हातानं नंबर परत घातला. उजवा खरकटा होता.

बैठक झाली की नाही मला माहीत नाही. पण काही दिवसांनी तो सकाळीच, कामावर जायच्या वेळी, आमच्याकडे आला. दाढी वाढलेली, शर्टाला इस्त्री नाही. बाबा दाराजवळच्या खुर्चीत होते. इंजिनिअर माझ्यामागून स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, “वहिनी, ते दोन चिन्हांचं काय म्हणत होतात?”

मला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं. कथेलाही शोभलं असतं. आली नाही. मी त्याला ओट्यावर लॅपटॉप ठेवायला लावला आणि त्या दोन ओळींची एक ओळ कशी करायची ते दाखवलं. आधी दावे, मग ती दोन चिन्हं, मग यादी. पहिलं नीट संपलं तरच दुसरं. साडेपाचची ओळ पुसून टाकली. आठवणीच्या ओळीत, कुत्रं जिवंत असेल तरच, एवढी अट घातली. चहाला उकळी यायच्या आत सगळं झालं. एवढ्याशा कामासाठी त्या खिळ्यांवर किती पट्टे लटकले असतील, या विचारानं मला चहा गेला नाही.

तो बाहेर बाबांसमोर जाऊन उभा राहिला. लहानपणी तलावात उडी मारायला भ्याला की उभा राहायचा म्हणतात, तसा. “बाबा, केलं मी. आता दावे तपासून झाल्याशिवाय यादी निघत नाही. कुणाचं असं होणार नाही आता. ते मेसेजही बंद केले.”

“बरं केलंस.”

“तुमचा आजचा तेवढा आधीच रांगेत लागलाय, तो आठला येईलच. तो शेवटचा.” त्यानं चुरगळलेली कॉलर ओढली. “त्याला आता उत्तर नाही दिलं तरी चालेल.”

आठ वाजले होते. बाबांच्या मांडीवरचा फोन वाजला. आपला लाडका प्राणी आपली वाट पाहत आहे. बाबांनी शर्टाच्या टोकानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि एका बोटानं, अक्षर शोधत, लिहून पाठवलं. नाही.

त्यांच्यासमोर उभ्या असलेल्या इंजिनिअरच्या खिशात फोन वाजला.